पाणी कुठून येतं, कुठे जातं?

यंदा दिवाळीला केशोरीला गेलो होतो. धाकटा भाऊही आला होता, बायको-पोरांना घेऊन. सत्तावीस वर्षांपूर्वी वायटूकेच्या लाटेत अमेरिकेला गेलेला हा माणूस आता परत येतोय. कायमचा. नागपुरात मिहानमधल्या एका कंपनीत काम ठरलंय, थोरली तिकडेच कॉलेजात राहील, धाकटा इथे नववीत जाईल. सगळं ठरलं, एक सोडून. राहायचं कुठे?

त्यासाठी त्याने एक्सेलची शीट केली होती. मंडळी, मी आयुष्यात अशी शीट पाहिली नाही. नागपुरातल्या चौदा वस्त्या उभ्या, निकष आडवे. शाळा किती मिनिटांवर, दवाखाना किती मिनिटांवर, ऑफिसचा प्रवास, चौरस फुटाचा भाव, जनरेटर बॅकअप, पोरांना खेळायला जागा. प्रत्येक निकषाला गुण, आणि शेवटी बेरीज. पहिला नंबर आला होता पश्चिम नागपुरातल्या, अंबाझरीच्या खालच्या अंगाच्या एका तळमजल्याच्या फ्लॅटचा. पुढे छोटी बाग, मागे झाडं. फोटो फार सुंदर होते.

ओसरीवर बसून तो हे सगळं बाबांना दाखवत होता. बाबा ब्याऐंशीचे आहेत. आयुष्यभर धान आणि मिरची पिकवली. लॅपटॉपकडे त्यांनी बराच वेळ शांतपणे पाहिलं आणि मग एकच विचारलं, "बाकी बरोबर हाये गा. पन तिथं पानी कोनीकडून येते, अन् कोनीकडं जाते?"

धाकटा म्हणाला, "बाबा, कॉर्पोरेशनचं पाणी आहे, नळाला."

बाबा म्हणाले, "नळाचं नाही इचारत मी."

त्या रात्री मंडईतलं नाटक बघून परत येताना माझ्या डोक्यात तोच प्रश्न फिरत होता. आणि नंतर महिनाभर फिरत राहिला. हे लिखाण त्यातूनच आलंय.

ज्यांना केशोरी ठाऊक नाही (म्हणजे नात्याबाहेरचे बहुतेक सगळेच!) त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला अर्जुनी मोरगाव तालुका. त्यातही गडचिरोलीच्या सीमेजवळ आमचं गाव. १९९९ साली गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याआधी आम्ही भंडाऱ्याचे. चहूकडे जंगल, धानाच्या बांध्या, आणि तळी. आमच्या भागाला झाडीपट्टी म्हणतात, पण तळीपट्टी म्हटलं असतं तरी चाललं असतं.

ही तळी आपोआप झालेली नाहीत. ती बांधलेली आहेत, आणि बांधणारे होते मुख्यतः कोहळी. गोंड राजांच्या काळात हे लोक इथे आले. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीयात्रेहून येताना त्यांना सोबत आणलं अशी कथा सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण एवढं नक्की की ज्याने जंगल तोडून तलाव बांधावा, त्याला त्या तलावाखालची जमीन मिळावी, अशा बोलीवर ही वस्ती वाढली. केशोरीहून नागपूरला जाताना नवेगावबांध लागतं. तिथला मोठा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. सात डोंगरांच्या, ज्यांना आम्ही सात बहिणी म्हणतो, त्यांच्या मधल्या फटी बुजवून! पुढे लोकांनी कोलू पाटलांचा कोलासूर देव केला. अभियंत्याचा देव झाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

आता गंमत बघा. कोहळ्यांनी गाव वसवताना आधी घर बांधलं नाही. आधी पाणी कुठून येतं ते पाहिलं. उतार बघून पाळ घातली. पाळीला तुडूम ठेवलं, म्हणजे तलावातलं पाणी हवं तेवढं खाली सोडायचं दार. आणि एका बाजूला सलंग ठेवली, म्हणजे पावसाळ्यात जास्तीचं पाणी आपोआप वाहून जायची वाट. त्या पाण्याखाली बांध्या. आणि हे सगळं ठरल्यावर मग उरलेल्या उंच, कोरड्या, मुरमाड जागेवर आबादी. सलंगेच्या वाटेत कोणी झोपडीसुद्धा बांधत नसे. तिथे गुरं चरत, पोरं खेळत, मंडई भरे. पण घर नाही.

थोडक्यात, गावातली सगळ्यात वाईट जमीन राहायला आणि चांगली जमीन पिकाला आणि पाण्याला. शहरात आपण नेमकं उलट करतो.

१९५१ साली मालगुजारी गेली आणि हे तलाव सरकारकडे आले. कागदोपत्री ते 'माजी मालगुजारी तलाव', लोकांच्या तोंडी 'मामा तलाव'. मामा झाला खरा, पण भाच्यांनी लक्ष दिलं नाही. कित्येक तलाव गाळाने भरले, कित्येकांच्या पोटात अतिक्रमणं झाली. तो वेगळा विषय आहे, आणि मोठा आहे. असो.

पण जुन्या गावाचं फार कौतुकही मला करायचं नाही. आबादीत कोणाचं घर कुठे, हे कोणी शीट करून निवडलेलं नव्हतं. ते जातीने ठरलेलं होतं. पाळीजवळ मालगुजाराचा वाडा, आणि कोणाच्या टोल्या वाऱ्याच्या आणि पाण्याच्या कोणत्या बाजूला, हे आमच्या पिढीनेही डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे 'मला हवं तिथे राहीन' असं म्हणता येणं, ही स्वतः एक फार मोठी गोष्ट आहे. धाकट्याच्या शीटला मी हसलो, पण मनात हेही होतं, की आमच्या आजोबांच्या काळात गावातल्या अर्ध्या लोकांना असली शीट करता आली नसती.

निवडीचाच विषय निघालाय तर गोठणगावचं सांगायलाच हवं. केशोरीच्या शेजारचं गाव. १९७० साली गाढवी नदीवर इटियाडोहचं धरण पूर्ण झालं, ते याच भागात. आणि १९७२ साली तिथेच तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली, नॉर्ग्येलिंग. विचार करा. १९५९ नंतर हिमालय उतरून आलेली माणसं, आणि त्यांच्या नशिबी झाडीपट्टी! मे महिन्यात आम्ही जन्मापासूनचे लोक वितळतो, तर त्यांचं काय झालं असेल? त्यांना वस्ती निवडायला मिळाली नाही, मिळाली ती जागा त्यांनी वस्ती केली. देऊळ बांधलं, पताका लावल्या, शेती शिकली. हिवाळ्यात स्वेटर विकायला नागपूर गाठलं. लहानपणी आम्हा भावांचे स्वेटर त्यांच्याकडचेच असत. बाबा त्यांच्याबद्दल नेहमी एक गोष्ट सांगतात, की ही माणसं आली तेव्हा त्यांनी आधी विचारलं ते पाण्याचंच. विहिरीला पाणी किती हातांवर लागतं?

तर आता नागपूर.

नागपूर वसवलं ते देवगडच्या बख्त बुलंद शाह या गोंड राजाने, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. आधी तिथे बारा लहान खेडी होती, त्यांना राजापूर बारसा म्हणत. ती जोडून शहर केलं. त्याचा मुलगा चांद सुलतान. त्याने काय केलं? तलाव! जुम्मा तलाव, म्हणजे आपला शुक्रवारी तलाव, ज्याला आता गांधीसागर म्हणतात. म्हणजे नागपूरच्या जन्मपत्रिकेतही झाडीपट्टीचाच ग्रह आहे. पुढे १७४३ साली रघुजी भोसल्यांनी राजधानी इथे आणली, महाल आणि पेठा वाढल्या. हे सगळं शहर सीताबर्डीच्या टेकडीच्या पूर्वेला.

१८१७ साली सीताबर्डीची लढाई झाली, पुढे १८५४ साली भोसल्यांचं राज्य खालसा झालं, १८६१ साली मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. १८६७ साली रेल्वे आली, १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल. साहेबाने आपलं बस्तान टेकडीच्या पश्चिमेला मांडलं, सिव्हिल लाइन्स. तेव्हापासून नागपुरात पूर्व आणि पश्चिम अशी दोन गावं झाली ती झालीच. पूर्वेला बाजार, गिरण्या, विणकर, दाटी. पश्चिमेला बंगले, वकील, प्रोफेसर, झाडं. अंबाझरीचं पाणी १८७०च्या सुमारास शहराला मिळू लागलं आणि त्या तलावाच्या दिशेने पश्चिमेचं आकर्षण वाढत गेलं. धंतोली, धरमपेठ, रामदासपेठ, मग शंकरनगर, लक्ष्मीनगर, बजाजनगर.

१९३६च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास आला, आपली नासुप्र. आखलेले रस्ते, आखलेले प्लॉट, मधे मैदान. तरी १९५६ साली पश्चिमेला किती मोकळं रान होतं याचा अंदाज हवा असेल, तर दीक्षाभूमी आठवा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली ती व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मोकळ्या मैदानावर. लाखो माणसं मावली तिथे. आज त्याच्या चारी बाजूंना शहर आहे. त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, नागपूरचं राजधानीपद गेलं. राजधानी गेली, पण वस्ती वाढतच राहिली.

आणि ती वाढली तिच्या सगळ्या सवयींसकट. शेतकऱ्याकडून शेत घ्यायचं, चुन्याची फक्की मारून प्लॉट पाडायचे, 'ले-आउट' असं नाव द्यायचं. मंजुरी? बघू नंतर. नागपूरकरांना '५७२ आणि १९०० ले-आउट' हे शब्द पाठ आहेत. हे आकडे आहेत विनामंजुरी ले-आउटचे, जे पुढे गुंठेवारीच्या २००१च्या कायद्याने नियमित करायला घेतले. म्हणून आजही नागपुरात प्लॉट सांगितला की पहिला प्रश्न येतो, "आरएल आहे का?" म्हणजे नियमित केल्याचं पत्र आहे का. धाकट्याला मी हा शब्द शिकवला. त्याने लगेच शीटमध्ये एक रकाना वाढवला!

पण आरएलवर हे लिहिलेलं नसतं, की त्या शेतात पूर्वी एक नाला होता. तो नाला ले-आउटच्या नकाशात आला तेव्हा पंधरा फुटांचा होता, रस्ता झाला तेव्हा आठ फुटांचा, आणि भिंत झाली तेव्हा पाइप.

२३ सप्टेंबर २०२३. नागपुरातल्या वाचकांना ही तारीख सांगायला नको. शनिवारची पहाट. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. अंबाझरी ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदी आपल्या जुन्या वाटेने निघाली. त्या वाटेवर आता घरं होती. चांगली, जुनी, महागडी घरं. रात्री झोपलेली माणसं गुडघाभर पाण्यात जागी झाली, मग कमरेभर. लोकांना बोटींनी काढावं लागलं. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचं तळमजल्याचं घर त्यात होतं. नंतर मदतीला गेलो तेव्हा भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या छातीपर्यंत होती. ते मला म्हणाले, "तीस वर्षं राहतोय. तलावाजवळ राहतो म्हणून सगळे हेवा करायचे."

अंबाझरी म्हणजे तलाव, नाग नदी म्हणजे त्याची सलंग. आणि आपण सलंगेत घरं बांधली. बाबांना हे सांगायला भूगोलाचं पुस्तक लागलं नसतं.

तुम्ही म्हणाल, हे काय फक्त नागपुरातच झालं? अजिबात नाही. उलट आपली बरीच उपनगरं अशा संकटांतूनच जन्मली आहेत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला, आणि त्यातून दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती उभ्या राहिल्या. मराठी मध्यमवर्गाला हवा-उजेड असलेलं घर हे प्लेगने शिकवलं. पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या, आणि पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वस्त्या झाल्या. नवीन पिढीला वाटतं त्या नुसत्या 'चांगल्या सोसायट्या' आहेत. पण त्या उंचावर का आहेत, याला कारण आहे.

धाकट्याला हे सगळं फोनवर सांगत होतो तेव्हा तो जरा चिडला. "दादा, तू मला घाबरवतोयस. तिकडे आम्ही असा इतिहास खोदत बसलो नाही. स्कूल डिस्ट्रिक्ट चांगला बघितला, घर घेतलं."

मी म्हटलं, अरे, स्कूल डिस्ट्रिक्ट हाच तर इतिहास आहे. अमेरिकेत शाळेचा बराच पैसा तिथल्या घरपट्टीतून येतो, म्हणून महाग वस्तीतली शाळा चांगली, आणि शाळा चांगली म्हणून वस्ती महाग. आणि १९३०च्या दशकात तिथल्या सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले होते, त्यात कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल. लाल भागात कर्ज मिळणं मुश्कील. तुझ्या शीटमध्ये 'चांगली वस्ती' म्हणून जे गुण पडले, त्यात त्या रंगाचाही वाटा असेल. जसा आमच्या आबादीत टोल्यांचा होता.

तो गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे कुठेच राहू नये?"

हे मात्र त्याने बरोबर पकडलं. जमिनीचा इतिहास काढत बसलं की कुठलीच जागा निर्दोष निघत नाही. मग माणसाने काय करावं? मला वाटतं, निर्दोष जागा शोधू नये. जागेचा दोष माहीत करून घ्यावा, आणि तो आपल्याला झेपणारा आहे का ते बघावं. कोहळ्यांनीही तेच केलं. पाऊस बदलता येत नव्हता, उतार बदलता येत नव्हता. कुठे राहायचं नाही, तेवढं त्यांनी आधी ठरवलं.

मधे दोन दिवस त्याच्या डोक्यात केशोरीलाच राहायचं आलं होतं. शेत घेऊ, घर बांधू, घरूनच काम करू. मला आनंद झाला, पण व्यवहारही सांगावा लागला. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलंय. फेमा कायद्याप्रमाणे परदेशात राहणाऱ्या अनिवासी भारतीयाला किंवा ओसीआय कार्डवाल्याला राहतं घर, दुकान विकत घेता येतं, पण शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस घेता येत नाही. वारशाने येऊ शकतं. म्हणजे बाबांची बांधी त्याला मिळेल, पण शेजारची घ्यायची म्हटली तर तिकडे बसून घेता येणार नाही. हे ऐकून तो हसला. म्हणाला, "म्हणजे जी जमीन सोडून पळालो तीच फक्त माझी."

आई तेव्हा भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मंग तेवढी तरी धरून ठेव."

यानंतर शीट बदलली. मीच सुचवलं असं म्हणत नाही, त्याच्या बायकोने पहिल्यांदा मुद्दा काढला. ती म्हणाली, आपण परत कशासाठी येतोय? आई-बाबांसाठी. मग शीटमध्ये केशोरी किती तासांवर, हा रकाना का नाही?

झालं! एका रकान्याने सगळं उलटंपालटं केलं. पश्चिम नागपुरातून केशोरीला निघायचं म्हणजे आधी अख्खं शहर ओलांडा, मग भंडारा, साकोली, कोहमारा, नवेगावबांध. पूर्वेला भंडारा रोडच्या तोंडाशी राहिलं तर शहराचा तो तास वाचतो. रात्री-अपरात्री फोन आला तर तो तास फार मोठा असतो. ज्यांचे म्हातारे आई-वडील गावी आहेत त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

पण पूर्व नागपूर? आमच्या नात्यातल्या अर्ध्या लोकांनी नाकं मुरडली. (वाचत असाल तर माफ करा, पण मुरडलीत!) "अमेरिकेतून येऊन पारडीकडे राहणार?" दीडशे वर्षांपूर्वी साहेबाने टेकडीच्या पलीकडे बंगला बांधला, तो अजून आपल्या डोक्यातून उतरलेला नाही. वास्तविक ११ डिसेंबर २०२२ पासून मेट्रो प्रजापतीनगरपर्यंत धावतेय. तिथून सीताबर्डी, सीताबर्डीला गाडी बदलून खापरीच्या दिशेने मिहान. गाडीत पुस्तक वाचत ऑफिस. न्यू जर्सीहून रोज न्यूयॉर्कला ट्रेनने जाणाऱ्या माणसाला यात नवीन काय?

पाणी बघायचं राहिलंच होतं. नागपूरचा उतार पश्चिमेकडून पूर्वेला आहे, त्यामुळे पश्चिमेचं सगळं पाणी नाग नदीतून पूर्वेलाच येतं. पूर्व म्हणजे सुरक्षित, असं मुळीच नाही. म्हणून बाबांनाच घेऊन आलो. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. बाबांनी फ्लॅट पाहिलाच नाही. ते काठी टेकत गल्लीच्या टोकाला गेले. तिथे पानठेला होता. ठेल्यावरच्या म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, इथे आधी काय होतं? तो म्हणाला, ज्वारी. अन् नाला? तो तिकडं, त्या शाळेच्या पल्याड. दोन हजार तेवीसला इथे पाणी आलं होतं का? रस्त्यावर घोट्याएवढं, म्हणाला, दुपारी ओसरलं. बाबांनी नाल्यापर्यंत चालून उतार डोळ्यांनी पाहिला. तासभर गेला. धाकटा घड्याळ बघत होता, एजंट आमच्याकडे बघत होता.

परत येऊन बाबा म्हणाले, "राहाले हरकत नाही. गाडी मात्र खाली ठेवजो नोको."

धाकट्याने घर विकत घेतलं नाही, वर्षाच्या भाड्याने घेतलंय. म्हणाला, एक पावसाळा बघतो, मग ठरवतो. मला वाटतं संपूर्ण शीटमधला हा सगळ्यात शहाणा निर्णय आहे. ज्याला परत यायचंय त्याने आधी एक पावसाळा भाड्याने काढावा. जमिनीचे कागद तुम्हाला कोणीही दाखवेल, पण पाणी फक्त पाऊसच दाखवतो.

जूनमध्ये ते येतील. आई-बाबा नागपूरला राहायला येणार का, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. मी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "रोवना झाल्यावर पाहू." रोवणी झाल्यावर ते म्हणतील, धान निघाल्यावर पाहू. मग मिरची. मला सवय आहे.

तुमच्याकडेही कोणी परत यायचं म्हणत असेल, तर त्यांच्या शीटमध्ये दोन रकाने वाढवायला सांगा. इथे आधी काय होतं, आणि पाणी कुठे जातं. आणि गल्लीच्या टोकाच्या पानठेल्यावर दहा मिनिटं नक्की थांबा.